वाचकांचे प्रश्न : आपण घडवलेले पात्र आणि गेमची गोष्ट

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी फँटसी रोल-प्लेइंग गेम्सविषयी (ज्यांत खेळाडू काल्पनिक जगातल्या एका पात्राची भूमिका घेतो) होती आणि त्यातही पात्र घडवण्याची मोकळीक व कथानक यांचे नाते हा विषय पुन्हा पुन्हा येत होता. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. काही गेम्सच्या कथेतील वळणे सांगितल्याशिवाय उत्तर देणे शक्य नव्हते. ज्यांना ते गेम अजून खेळायचे आहेत, त्यांनी तेवढा मजकूर ओलांडून पुढे जावे.

प्रश्न : नवा गेम सुरू केला की पात्राचा चेहरा घडवण्यात माझा तास-दीड तास सहज जातो. नाकाची ठेवण, डोळ्यांतले अंतर, व्रण, गोंदण असे सगळे मनासारखे जमवते. पुढे मात्र डोक्यावर शिरस्त्राण चढते, कॅमेरा पाठीमागे जातो आणि त्या चेहऱ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. कथेच्या दृष्टीने हा सगळा खटाटोप वायाच गेला असे म्हणायचे का?

उत्तर : अगदी वाया जात नाही. भुवईवरचा व्रण निवडला की तो कुठल्या झटापटीत झाला असेल, हा विचार मनात येतोच आणि तेवढ्यापुरती एक गोष्ट रचली जाते. अडचण अशी की ती गोष्ट फक्त तुम्हाला ठाऊक असते. गेमला तिचा पत्ता नसतो, त्यामुळे गेममधले कुणी त्याविषयी अवाक्षर काढत नाही. पात्रनिर्मितीच्या पडद्यावरील निवडींकडे पाहताना मी म्हणूनच एकच प्रश्न विचारतो : पुढचे जग या निवडीची दखल घेणार आहे का? शंभर स्लायडर (चेहऱ्याचा एकेक तपशील कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्ट्या) देऊन एकाचीही दखल न घेणाऱ्या गेमपेक्षा, तीनच पर्याय देऊन तिन्हींची आठवण शेवटपर्यंत ठेवणारा गेम मला कितीतरी पटींनी श्रीमंत वाटतो.

याचे सर्वांत धीट उदाहरण जुने आहे. ट्रोइका गेम्सच्या 2004 सालच्या 'व्हॅम्पायर : द मास्करेड – ब्लडलाइन्स' या गेममध्ये सुरुवातीला रक्तपिपासूंचे कूळ निवडावे लागते. नॉस्फेरातू कूळ निवडले, तर तुमचे पात्र इतके विद्रूप असते की रस्त्यावर माणसांच्या दृष्टीस पडणे हाच अपराध ठरतो. मग शहरभर भुयारी गटारांमधून वाट काढत हिंडावे लागते. माल्केव्हियन कूळ निवडले, तर पात्र भ्रमिष्ट असते आणि त्याचे संवाद निराळे लिहिलेले आहेत. दूरचित्रवाणीवरचा निवेदक अचानक त्याच्याशी बोलू लागतो आणि रस्त्यावरच्या थांब्याच्या पाटीशी त्याला वाद घालता येतो. गेम तोच, कथानकाचा सांगाडाही तोच, पण एका निवडीमुळे जग दुसरेच भासते. त्यात चेहरा घडवायला स्लायडर नाहीत, हे मुद्दाम नमूद करतो.

शरीराची ठेवणही अशीच बोलकी करता येते. 'ड्रॅगन्स डॉग्मा' या 2012 सालच्या गेममध्ये वजनदार पात्र अधिक ओझे वाहून नेते, तर हलक्या चणीच्या पात्राचा दम लवकर भरून येतो. 2023 साली आलेल्या 'बाल्डर्स गेट 3' मध्ये ड्राउ (जमिनीखाली राहणाऱ्या एल्फांच्या) वंशाचे पात्र घेऊन गॉब्लिनांच्या तळापाशी गेलात, तर इतरांना जेथे थाप मारावी लागते किंवा तलवार काढावी लागते, तेथे पहारेकरी दबून वाट देतात. तेव्हा चेहऱ्यावर वेळ जरूर घालवा, पण वंश, कूळ, पूर्वायुष्य आणि पेशा निवडताना त्याहून जास्त वेळ घ्या. चेहरा नंतर बदलणे आता बऱ्याच गेम्समध्ये आरशासमोर उभे राहण्याइतके सोपे झाले आहे.

प्रश्न : काही गेम्समध्ये नायक बोलतो, काहींमध्ये तो मुका असतो आणि आपण फक्त वाक्य निवडतो. नायकाला आवाज देणे तंत्रज्ञानाच्या दृष्टीने पुढचे पाऊल नाही का?

उत्तर : आवाजाची किंमत निवडींच्या रूपात मोजावी लागते. बायोवेअरच्या 2009 सालच्या 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' मध्ये नायकाचे संवाद केवळ लिहिलेले होते, म्हणून लेखकांना त्याला मानव, एल्फ किंवा बुटका यांपैकी काहीही करता आले आणि सहा निरनिराळ्या सुरुवाती देता आल्या. दोनच वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागात नायकाला आवाज मिळाला, पण तो फक्त मानवच असू शकत होता. प्रत्येक वाक्य स्त्री आणि पुरुष आवाजांत ध्वनिमुद्रित करायचे म्हटले की दर नव्या पर्यायागणिक खर्च आणि काम फुगत जाते. 'बाल्डर्स गेट 3' मध्ये बाकीची सारी पात्रे बोलतात आणि संवादाच्या वेळी नायक मात्र गप्प उभा राहतो, तो याच हिशेबामुळे. मला हा सौदा मान्य आहे.

प्रश्न : 'द विचर 3' चा नायक गेराल्ट आपण घडवलेला नसतो, तरीही त्याची गोष्ट मनात घर करून राहते. उलट स्वतः घडवलेल्या नायकाची गोष्ट मला बऱ्याचदा पोकळ वाटते. मग पात्र घडवण्याची मोकळीक कथेला मारकच आहे, असा निष्कर्ष काढावा का?

उत्तर : निष्कर्ष घाईचा आहे, पण निरीक्षण खरे आहे. गेराल्ट कोण आहे, त्याचे वय काय, त्याने कुणावर प्रेम केले आणि कुणाला लेकीसारखे वाढवले, हे लेखकांना आधीच माहीत होते. खेळाडूच्या हाती राहते ते त्याची दाढी-केशरचना ठरवणे आणि प्रसंग ओढवल्यावर त्याने काय करावे हे ठरवणे. या गेममधील 'ब्लडी बॅरन' चा प्रसंग आठवा. दारू पिऊन बायकोला मारहाण करणारा एक सरदार, घर सोडून गेलेली त्याची बायको आणि मुलगी, आणि त्यांना शोधून काढण्याचे काम गेराल्टकडे. तो काम स्वीकारतो, कारण त्याला स्वतःच्या मानसकन्येची, सिरीची, खबर त्या सरदाराकडून हवी असते. दोन बाप समोरासमोर बसलेले असतात, एकाने आपले घर स्वतःच्या हाताने मोडलेले आणि दुसऱ्याला आपले घर अजून सापडलेले नाही. सरदाराची चीड यावी आणि तरीही त्याचे म्हणणे ऐकून घ्यावेसे वाटावे, ही किमया त्या साम्यातून होते. गेराल्टच्या जागी कुणीही एक्स-वाय-झेड नायक बसवला असता, तर हे एक साधे शोधकाम उरले असते.

घडवलेल्या नायकाच्या बाबतीत लेखकाला समोर कोण बसले आहे हे माहीतच नसते, म्हणून तो भावनिक भार सोबत्यांवर टाकतो. 'बाल्डर्स गेट 3' मध्ये अ‍ॅस्टेरियन, कार्लाक, शॅडोहार्ट यांचे भूतकाळ भरगच्च आहेत आणि तुमच्या स्वतःच्या पात्राचा भूतकाळ जवळजवळ कोरा आहे. तुम्हाला जाणवलेली पोकळी बहुधा हीच असावी.

मधला मार्ग काढण्याचे प्रयत्न जुनेच आहेत. 1999 सालच्या 'प्लेनस्केप : टॉरमेंट' मध्ये नायक शवागारात जागा होतो आणि त्याला स्वतःचे नावही आठवत नाही, त्यामुळे खेळाडूचे अज्ञान आणि पात्राचे अज्ञान एकच होऊन जाते, आणि पूर्वीच्या जन्मांतली त्याची कृत्ये हळूहळू त्याच्यासमोर येऊन उभी राहतात. स्मृतिभ्रंशाची ही युक्ती पुढे इतक्यांनी वापरली की आता तिचा कंटाळा आला आहे, पण तिथे ती कथेचा गाभाच होती. 'बाल्डर्स गेट 3' मधील 'डार्क अर्ज' हा पर्याय त्याच वाटेवरचा आहे : रूप, वंश आणि पेशा तुमचा, भूतकाळ मात्र लेखकांचा आणि भयंकर. पोकळपणाची तक्रार असेल, तर पुढच्या खेपेला तो निवडून पाहा. रक्तपाताचे वावडे असेल, तर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : मी नेहमी सगळे गुण शक्ती आणि चपळाईत घालतो व करिष्मा, बुद्धिमत्ता यांना किमान अंकावर ठेवतो. लढाया जिंकतो, पण संवादात सतत अपयश येते. आकड्यांचा कथेवर नेमका किती परिणाम होतो?

उत्तर : तुम्ही म्हणता ते सहा गुण 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तयार केलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावरच्या खेळातून आलेले आहेत : शक्ती, चपळाई, काटकपणा, बुद्धिमत्ता, शहाणपण आणि करिष्मा. आजचे असंख्य संगणकीय गेम याच सहांचे कमी-अधिक रूपांतर वापरतात.

'बाल्डर्स गेट 3' चा हिशेब घेऊ. कुणाचे तरी मन वळवायचे आहे आणि वीस बाजूंच्या फाशावर 15 गाठायचे आहेत. ज्याचा करिष्मा 17 आहे, त्याला 3 अधिक मिळतात आणि मन वळवण्यात तो तरबेज असेल, तर पहिल्या लेव्हलला आणखी 2. म्हणजे फाशावर 10 किंवा त्याहून जास्त पडले की काम झाले, शक्यता 55 टक्के. तुमच्या करिष्मा 8 असलेल्या योद्ध्याचा 1 उणे होतो, त्याला फाशावर किमान 16 पडावे लागतात, शक्यता 25 टक्के. लढाईत तुम्ही जे कमावता, ते संभाषणात असे गमावता. यावर एक सोपा उपाय आहे : बोलायच्या प्रसंगी करिष्मा असलेल्या सोबत्याला पुढे करा. काही प्रसंग मात्र गेम थेट तुमच्या मुख्य पात्रावरच आणतो.

पण माझे मत विचाराल, तर कमी आकड्याला तोटा समजण्याऐवजी त्याच्यासाठी वेगळे लिखाण करणारे गेम अधिक कौतुकास्पद आहेत. फँटसीच्या कुंपणाबाहेर जाऊन एक दाखला देतो. 'फॉलआउट' मालिकेच्या पहिल्या दोन भागांत बुद्धिमत्ता 4 च्या खाली ठेवली, तर नायकाला धड वाक्यच बोलता येत नाही आणि लोक त्याला हुसकावून लावतात. 1998 सालच्या दुसऱ्या भागात टॉर नावाचा एक मंदबुद्धी गुराखी आहे. हुशार नायकाला त्याच्या तुटक बोलण्याचा जेमतेम अर्थ लागतो, पण मंदबुद्धी नायक त्याच्यापाशी गेला की दोघे अत्यंत प्रगल्भ, नटव्या भाषेत गप्पा मारू लागतात. इतरांच्या कानांना जे बोबडे वाटते, ते या दोघांना आपसांत असे ऐकू येते, हा विनोद एका आकड्यातून जन्मला आहे आणि त्यात करुणाही आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला 'स्कायरिम' उभा आहे. तेथे मंत्रविद्या जेमतेम वापरणारा खेळाडूही विंटरहोल्डच्या जादूगारांच्या विद्यालयाचा प्रमुख होऊ शकतो. त्याच मालिकेतील 2002 सालच्या 'मोरोविंड' मध्ये संघटनेत वरचे पद हवे असेल, तर संबंधित कौशल्ये ठरावीक पातळीला न्यावीच लागत. मोकळीक वाढली, हे कबूल. पण कुणालाच कुठलेच दार बंद नसेल, तर पात्र घडवताना केलेल्या निवडीला वजन कुठून येणार?

प्रश्न : फासा मनासारखा पडला नाही की मी लगेच आधीचा सेव्ह (जतन करून ठेवलेला खेळ) उघडते. मैत्रीण म्हणते की ही लबाडी आहे. तुमचे काय मत?

उत्तर : एकट्याने खेळायच्या गेममध्ये लबाडी कुणाशी होणार? ज्याचा त्याचा खेळ. मात्र चांगल्या लेखकांनी अपयशासाठीही प्रसंग लिहून ठेवलेले असतात आणि सतत रीलोड करणाऱ्याला ते दिसतच नाहीत. 'बाल्डर्स गेट 3' मध्ये मृताशी बोलण्याचा मंत्र आहे. प्रेत काही मोजक्या प्रश्नांची उत्तरे देते. पण त्या माणसाला तुम्हीच मारले असेल, तर ते तुमच्याशी बोलायला नकार देते. येथे पटकन मागचा सेव्ह उघडला, तर वेषांतराचा मंत्र टाकून दुसऱ्याच चेहऱ्याने त्याच प्रेतापुढे उभे राहता येते, ही गंमत हातची जाते.

व्यवहार्य तोडगा हवा असेल, तर असा नियम करा की पात्र मेले किंवा चुकून भलतेच बटण दाबले गेले तरच मागे जायचे. पूर्वायुष्याला साजेसे काही केल्यावर मिळणारे प्रेरणेचे गुण फासा पुन्हा टाकण्यासाठीच असतात. एका वेळी असे चार साठवता येतात, ते निःसंकोच वापरा. आणि मैत्रिणीला स्वतःचा फारच अभिमान असेल, तर तिला 'ऑनर मोड' सुचवा. त्यात एकच सेव्ह असतो.

प्रश्न : मी कथालेखक आहे आणि दोन मित्रांसोबत एक छोटा फँटसी गेम करतो आहे. खेळाडूच्या प्रत्येक निवडीने कथा खरोखर बदलावी, अशी माझी इच्छा आहे. पण दहा निवडींतच आमचा आराखडा हाताबाहेर गेला. हे मोठ्या कंपन्यांना कसे जमते?

उत्तर : त्यांनाही जमत नाही. प्रत्येक निवडीला दोन फाटे आणि प्रत्येक फाटा कायमचा वेगळा असे धरले, तर दहाव्या निवडीनंतर 1024 शेवट लिहावे लागतील. म्हणून बहुतेक गेम कथा फाकवतात, थोड्या अंतरावर पुन्हा एका ठिकाणी आणतात आणि झालेल्या निवडीची फक्त नोंद ठेवतात. खरे कसब ती नोंद पुढे कुठे आणि कशी वापरायची यात आहे.

'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' या दृष्टीने बारकाईने पाहा. त्यातील सहाही सुरुवाती पुढे ऑस्टागारच्या लढाईपाशी एकत्र येतात आणि तेथून मुख्य कथानक सर्वांना एकच आहे. आता बुटक्यांच्या राजघराण्यातील सुरुवात घ्या : धाकटा भाऊ बेलन कारस्थान करतो, थोरल्या भावाच्या खुनाचा आळ तुमच्यावर येतो आणि तुम्हाला जमिनीखालच्या अंधाऱ्या रस्त्यांवर मरायला सोडून दिले जाते. कित्येक तासांनी कथानक सर्वच खेळाडूंना ओर्झामार या नगरीत नेते आणि तेथे राजा म्हणून बेलन किंवा हॅरोमॉन्ट यांपैकी एकाला पाठिंबा द्यावा लागतो. मानव म्हणून आलेल्या खेळाडूपुढे हा राजकारणातला एक पेच असतो. बेलन सुधारणावादी आणि निर्दय, हॅरोमॉन्ट सज्जन पण परंपरेला चिकटलेला. बहिष्कृत राजपुत्राला मात्र ज्याने आपले आयुष्य उद्ध्वस्त केले त्यालाच मुकुट द्यायचा का, हे ठरवायचे असते, आणि राज्याच्या भल्याचा विचार केला तर उत्तर कदाचित होय असेच येते. प्रसंग तोच, पर्यायही तेच दोन. पण पूर्वायुष्याच्या नोंदीमुळे आणि त्यानुसार बदललेल्या मोजक्या संवादांमुळे त्याची धार दुप्पट होते. यासाठी वेगळा शेवट लिहावा लागला नाही, वेगळी नगरी उभारावी लागली नाही.

तिघांच्या चमूने हेच लहान प्रमाणात करावे. नायकाला तीन पूर्वायुष्ये द्या आणि कथेत तीन जागा अशा शोधा, जेथे त्या पूर्वायुष्याचा कुणाला तरी राग, लाज किंवा आपलेपणा वाटेल. हे नऊ छोटे प्रवेश झाले. तेवढे लिहिणे आणि तपासणे तुमच्या आवाक्यात आहे. त्यांतला किमान एक नकाराचा असू द्या : या माणसाला आमच्या घरात जागा नाही, असे म्हणणारे कुणीतरी. शिवाय नोंद झाल्याझाल्या लगेच वापरू नका. खेळाडू आपली निवड विसरत आला असताना तिची आठवण करून दिली, तर त्याला जग जिवंत वाटते. पाठोपाठच्या प्रसंगात करून दिली, तर केवळ यंत्रणा दिसते. 'हे पात्र ही गोष्ट लक्षात ठेवील' अशी सूचना पडद्यावर झळकवण्याचा मोहही टाळा. ते पात्र पुढे जे बोलेल, त्यातूनच खेळाडूला ते कळू द्या.

प्रश्न : 'बाल्डर्स गेट 3' मध्ये मी हौसेने पॅलाडिन (शपथेने बांधलेला धर्मयोद्धा) निवडला. वीस तास खेळल्यावर एका चकमकीत त्याची शपथ मोडली आणि आता तर हा पेशाच नकोसा झाला आहे. सगळे पहिल्यापासून खेळावे लागेल का?

उत्तर : मुळीच नाही. तुमच्या तळावर विदर्स नावाचा सांगाडा असतो. सुरुवातीच्या भग्न अवशेषांत तो तुम्हाला सापडला नसला, तरी पुढे आपणहून तळावर येतो. शंभर सोन्याच्या नाण्यांत तो पेशा आणि गुणांची वाटणी नव्याने करू देतो. वंश मात्र बदलता येत नाही. आणि चेहरा बदलायचा असेल, तर तळावरचा जादूचा आरसा वापरा.

पण विदर्सकडे जाण्याआधी त्या शपथभंगाकडे जरा पाहा. शपथ मोडल्यावर तळावर एक चिलखतधारी शपथभंजक योद्धा येतो. हजार नाणी घेऊन तो शपथ पुन्हा जोडून देतो किंवा शपथभंजकाची वाट खुली करतो. या वाटेला स्वतंत्र शक्ती आहेत आणि काही संवादही केवळ तिच्यासाठी लिहिलेले आहेत. पेशा नकोसा होण्याचे कारण शपथेचा जाच हेच असेल, तर पैसे खर्चण्याआधी दोन-तीन मुक्काम तसेच खेळून पाहा. तरीही नको वाटलाच, तर विदर्सची शंभर नाणी बाजूला काढून ठेवा.